अण्णांचं इंजेक्शन

टिक्. टिक् टिक्.

जुईला झोप लागली तसा तिच्या पाठीवरचा हात मी अलगद काढून घेत होते, तेवढ्यात हा आवाज आला. शनिवारची दुपार. सासूबाई, म्हणजे माई, मागच्या खोलीत आडव्या झालेल्या, वैजू अजून हॉस्पिटलात ड्यूटीवर, आणि मिरजेतली आमची अख्खी गल्ली जेवून सुस्तावलेली. त्या शांततेत मधल्या खोलीतून टिचक्या ऐकू आल्या.

हेरलेकरांच्या घरात तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. अण्णा, म्हणजे माझे सासरे, जन्मभर एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. सिरिंज उजेडाकडे उभी धरायची, नखाने टिचक्या मारून आतला बुडबुडा वर आणायचा, मग टोचायचं. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्याच तापात मी तो आवाज ऐकला होता आणि सुई अंगाला लागायच्या आधीच चक्कर येऊन पडले होते.

"कोणाला काय झालं?" म्हणत मी धावले.

जेवणाच्या टेबलावर धुतलेला पंचा अंथरला होता. त्यावर स्टीलचा ट्रे, कापसाचे बोळे, स्पिरिटची बाटली. अण्णांच्या नाकावर चष्मा, हातात सिरिंज, सिरिंजमध्ये गडद गुलाबी औषध. आणि पंचावर पालथं पडलं होतं माझ्या प्रिंटरचं रंगीत कार्ट्रिज.

"हळू बोल, उल्का," अण्णा मान न वळवता म्हणाले. "पेशंट टेबलावर आहे."

तो प्रिंटर आता माळ्यावर गेलाय, पण तेव्हा तो माझा जीव की प्राण होता. जुई झाल्यावर मी छापखान्यातली नोकरी सोडली आणि घरीच टायपिंगची कामं घ्यायला लागले. शाळेतल्या मुलांचे प्रकल्प, सत्यनारायणाची निमंत्रणं, लग्नाचे बायोडेटा. हे तेव्हा चाकणला असायचे, पंधरवड्याने यायचे. जुई झोपली की माझं ऑफिस उघडायचं आणि ती उठली की बंद व्हायचं. त्या सकाळी नेमका वैजूचा बायोडेटा छापताना प्रिंटरने मान टाकली. वर गणपती अर्धा लाल, अर्धा पांढरा.

"नवीन आणू की, अण्णा."

"नवीन कशाला? हातपाय धड आहेत त्याचे. नुसतं रक्त कमी झालंय." त्यांनी तीन छोट्या बाटल्या दाखवल्या. पिवळी, निळी, गुलाबी. "स्टँडजवळच्या पोराकडून शाई आणली. तो सांगत होता कशी भरायची. मी म्हटलं, बाळा, तू जन्मायच्या आधीपासून टोचतोय मी."

आता वैजूचं सांगायला हवं.

वैजयंती माझी नणंद. हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. उंच, तुडतुडीत, हसली की पांढरेशुभ्र दात, आणि रंगाने थेट अण्णांवर गेलेली. "आमच्या खोलीत सगळी माणसं एकाच रंगाची," असं ती म्हणायची, "नुसती हाडं." पण माईंना तो रंग फार खुपायचा. दिवाळीत त्यांनी तिला स्टुडिओत नेऊन फोटो काढून घेतला आणि फोटोवाल्याला डोळ्याने खूण केली. फोटो आला तो चांदण्यात न्हाऊन. त्यावर एक स्थळ बघायला आलं. वैजू पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी राहिली, मुलाच्या आत्याने एकदा हातातल्या फोटोकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि म्हणाली, "फोटोत उजेड जास्त होता वाटतं."

ती मंडळी गेल्यावर वैजूने सगळ्या बश्या स्वतः घासल्या. मी शेजारी विसळत होते.

"वहिनी," ती म्हणाली, "दार उघडल्यावर समोरच्याच्या तोंडावर एक काहीतरी येतं. वाईट नसतात ती माणसं. पण ते येतंच. ते मला परत बघायचं नाही."

"नको बघूस."

"आता एकदाच. शेवटचं. मी जशी आहे तशी छाप मला. त्यावर कोण आलं तर आलं. नाही आलं तर हे पोहे कायमचे बंद, माई रडली तरी."

"जशी आहेस तशी," मी ओल्या हाताने तिच्या हातावर हात ठेवला. "माझा शब्द."

शब्द द्यायला काय लागतं! बायोडेट्यात 'वर्ण' नावाची एक ओळ असते, तिथेच आमची गाडी आठवडाभर अडली.

"गोरी," माई म्हणाल्या.

"सावळी," वैजू म्हणाली.

"गव्हाळ लिहून टाक," अण्णांनी तोडगा काढला. "गहू कुणाला नको असतो?"

"लिही वहिनी, गव्हाळ. पण कुठला गहू ते पण लिही. तांबडा खपली."

"खपली गव्हाची खीर होते गं," माई हिरमुसून म्हणाल्या. "खीर तरी म्हणा."

शेवटी ती ओळच काढून टाकली. म्हणजे आता सगळी भिस्त फोटोवर. या वेळचा फोटो मीच काढला होता, गच्चीत, कपडे वाळत घालताना. वैजूच्या दातात चिमटा होता, तो काढून ती हसली तेवढ्यात. आणि या वेळचं स्थळही तसंच होतं. इचलकरंजीचे तेरदाळकर. मुलगा निरंजन, पॉलिटेक्निकात शिकवायचा. त्याच्या बायोडेट्यात 'आवड' या सदरात लिहिलं होतं: पोहणे, आमटी करणे.

"करणे?" माई म्हणाल्या. "खाणे असेल. छपाईची चूक."

तो कागद वैजूने परत घडी घालून ठेवताना ती ओळ पुन्हा वाचली, ते मी बघितलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, कुमुदमावशी पाकीट न्यायला येणार होत्या. मिरज-इचलकरंजी भागातली निम्मी लग्नं त्यांच्या कापडी पिशवीतून जुळायची. पाकीट एकदा त्या पिशवीत गेलं की मग देवाच्या हाती.

तर अण्णांनी कार्ट्रिजला टोचलं. आधी प्रत्येक भोकाभोवती स्पिरिटचा बोळा गोल फिरवला. मग सुई हळूच आत. "श्वास घे," असं सवयीने म्हणालेसुद्धा. गुलाबी झाली, निळी झाली, पिवळी झाली. दर वेळी नवी सुई. आणि शेवटी त्यांनी चिकटपट्टीचा रोल काढला, तीन चौकोनी तुकडे कापले, आणि तिन्ही भोकांवर घट्ट दाबून बसवले.

"हे कशाला?"

"टोचलेली जागा उघडी ठेवायची नसते."

मला ते इतकं बरोबर वाटलं की मी मान हलवली.

पहिला चाचणीचा कागद काढला. पिवळी, निळी, गुलाबी पट्टी, एकदम तुकतुकीत. अण्णांनी हात पुसले. "बघितलंस? पोटात घेतलं त्याने औषध."

मग मी वैजूचा बायोडेटा सोडला. पहिली प्रत आली ती किंचित फिकट. म्हटलं, सुरुवात आहे, सुधारेल. दुसरी आली. वैजू उजळली होती. तेवढ्यात माई केस बांधत बाहेर आल्या आणि माझ्या खांद्यावरून बघत थबकल्या.

"अगं... अजून एक काढ बरं."

तिसरी आली. मी सांगते तुम्हाला, त्या कागदावरची मुलगी जन्मात कधी उन्हात गेली नव्हती. नाव, जन्मवेळ, रास, सगळं काळ्या शाईत ठसठशीत, आणि माणूस मात्र दुधात बुडवून काढलेलं.

"अगं बाई!" माईंनी कागद दोन्ही हातांत धरला, गरम पोळी धरावी तसा. "अहो! तुमच्या हाताला गुण आहे हो!"

"तो आहेच," अण्णा म्हणाले.

"माई, ही वैजू नाही."

"खाली नाव लिहिलंय ते काय?"

"पण रंग—"

"रंगाला मी हात लावला का? तू लावलास? फोटोवाल्याला सांगितलं का कुणी काही? मशिनमधून आलाय तो. मशिनला काय माहीत आपल्याला काय पाहिजे?"

मी चौथी प्रत काढली तर तीत नुसत्या भुवया, बुबुळं आणि कपडे वाळत घालायची दोरी उरली. माईंनी घाईघाईने तिसरी प्रत पाकिटात घातली, पाकिटाला हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागे ठेवून दिलं.

"अण्णा, काहीतरी करा," मी कुजबुजले. "मी वैजूला शब्द दिलाय."

अण्णा विचारात पडले. चौथी प्रत त्यांनी एक्स-रेसारखी खिडकीसमोर धरली. "अशक्तपणा आहे. एक बूस्टर देऊ."

पट्ट्या काढल्या, बूस्टर दिला, पट्ट्या पुन्हा लावल्या, या वेळी दुहेरी आणि अंगठ्याने दाबून. पाचवी प्रत बाहेर आली आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. वैजू नखशिखांत पिवळी. डोळ्यांतलं पांढरंसुद्धा.

"कावीळ," अण्णा हळू आवाजात म्हणाले. आणि ती प्रत त्यांनी ट्रेमध्ये उपडी ठेवली, वाईट बातमी झाकावी तशी.

जुई उठली तशी मी तिला वरणभात भरवायला गेले. ती तेव्हा साडेचार वर्षांची, एका जागी बसेल तर शपथ. चार घास खाऊन पळाली. मी ताट उचलून, हात धुऊन परत येते तर ही टेबलापाशी खुर्चीवर चढलेली, कार्ट्रिज मांडीवर, आणि नखाने त्याच्या पट्ट्या सोलणं चाललेलं.

"जुई! ठेव ते!"

"बरं झालंय त्याला," ती शांतपणे म्हणाली. "आजोबाच म्हणतात, पट्टी काढा, हवा लागू दे, मग भरून येतं." आणि सोललेली एक पट्टी तिने बाहुलीच्या गुडघ्यावर लावली.

तिची बोटं, फ्रॉक, बाहुली, सगळं गुलाबी झालं होतं. मी तिला काखेत उचललं, कार्ट्रिज तिच्या हातून घेतलं आणि टेबल पुसताना हातात राहू नये म्हणून ते प्रिंटरमध्ये नुसतं खोचलं. तेवढ्यात ती माझ्या काखेतून लोंबकळत ओरडली, "मी दाबणार!" आणि थांबवून ठेवलेल्या सहाव्या प्रतीचं बटण दाबलं.

प्रिंटर घसा खाकरून सुरू झाला. आणि कागदावर आली वैजू. गच्चीतल्या उन्हातली, खपली गव्हाच्या रंगाची, चिमटा नुकताच दातांतून काढलेली. मी कागद उचलायच्या आत जुईने तो ओढला आणि आत्याच्या गालापाशी तिचं एक गुलाबी बोट उमटलं.

"आत्या!" जुई म्हणाली.

टेबलावर पडलेल्या आधीच्या एकाही कागदाकडे बघून ती असं म्हणाली नव्हती.

"आत्या काय?" दारातून वैजूच आत येत होती, खांद्याची पर्स काढत. तिने टेबल बघितलं, सुया बघितल्या, कापूस बघितला. "कोणाचं बाळंतपण झालं इथे?"

अण्णांनी सगळी केस सांगितली. अशक्तपणा, बूस्टर, कावीळ. वैजूने सोललेल्या पट्ट्या उचलल्या, कार्ट्रिजची तीन भोकं बघितली, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अण्णा, जुनी काचेची सलाइनची बाटली आठवते?"

"न आठवायला काय झालं! हजारो लावल्या."

"बाटलीत दुसरी एक सुई खोचायचात. रिकामी. ती कशाला?"

"हवेला. वरून हवा आत गेली नाही तर खाली थेंब..." अण्णा थांबले. त्यांनी भोकांकडे बघितलं. पट्ट्यांकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "थेंब थांबतो," ते म्हणाले.

"आणि तुम्ही बाटलीचं नाक दाबून धरलंत. दोनदा."

"दुसऱ्यांदा जरा जास्तच," अण्णांनी कबूल केलं.

वैजू इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मग मी तिच्या पुढ्यात शेवटची प्रत धरली. तिचं हसू हळूहळू खाली बसलं. तिने गालाजवळच्या गुलाबी ठशावरून बोट फिरवलं.

"ही मी," ती म्हणाली. "वहिनी, हाच जाऊ दे."

माई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्या आत वळल्या आणि पातेल्यावर झाकण जरा जोरात पडलं. देव्हाऱ्यातलं पाकीट मात्र होतं तिथेच राहिलं.

रविवारी सकाळी माई आंघोळीला गेल्या तशी मी देव्हाऱ्यापाशी गेले. बाळकृष्णाची मनात क्षमा मागितली, पाकीट उघडलं, खरी प्रत आत सरकवली आणि गोरी बाहेर ओढणार, तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली.

"काय शोधतेस?" माई ओल्या केसांनी दारात.

"उदबत्ती."

"पुढ्यात तर आहे."

मी उदबत्ती लावली. दुसरीही लावली. मग नमस्कार केला. माई हलेनात. तेवढ्यात दारात कुमुदमावशींची हाक आली, "आहेत का मंडळी?" आणि माईंनी पाकीट उचलून त्यांच्या हवाली केलं. ते नेहमीपेक्षा जाड वाटत होतं की काय, हे मी स्वतःलाही विचारलं नाही. आत दोन प्रती आहेत, एवढं मला माहीत होतं. वैजूने लांबूनच माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी मान हलवली, अशी की तिचा अर्थ हो पण निघावा आणि नाही पण.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. बुधवारी निरोप आला. मंडळी रविवारी येतायत.

"बघा," माई म्हणाल्या, "फोटोचा गुण."

"हो ना," अण्णा म्हणाले, फार समाधानाने. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

रविवारी तेरदाळकर मंडळी आली. निरंजन आणि त्याची आई, दोघंच. तो सडसडीत, कुरळ्या केसांचा, बूट दाराबाहेर नीट जोडीने लावून आत आला. आई मात्र ऐसपैस. सतरंजीवर बसल्या, पाणी प्यायल्या, गावाकडची ओळख निघाली, आणि मग त्यांनी मांडीवरची पर्स उघडली.

"वाईट वाटून घेऊ नका हं वहिनी," त्या माईंना म्हणाल्या, "पण आधी एक विचारते. तुम्हाला मुली किती?"

"मुलगी एकच की. मुलगा मोठा, चाकणला असतो. ही त्याची बायको."

"एकच? बरं. मग हे काय म्हणायचं?"

त्यांनी टीपॉयवर कागद मांडले. एक. दोन. तीन.

पहिली वैजू दुधाळ. दुसरी गव्हाळ. तिसरी पिवळीधमक.

मी जमिनीकडे बघत म्हटलं, "एक मी घातला. खरा."

"तू?" अण्णा दचकले. "अगं, खरा मी घातला! पहाटे फुलं आणायला गेलो तेव्हाच. म्हटलं, पोरीचं मन मोडायला नको. ट्रेमधून घेतला आणि..." त्यांनी तिसरा कागद डोळ्यांजवळ नेला. मग लांब नेला. "चष्मा नव्हता लावला," ते पुटपुटले.

माईंचे कान लाल झाले होते.

निरंजनने घसा साफ केला. "आमच्याकडे वाद झाला यावरून," तो गंभीरपणे म्हणाला. "बाबा म्हणाले, तिघी बहिणी आहेत, मधलीचं विचारा. आई म्हणाली, अहो, नाव एकच, जन्मतारीखही एकच, तिळ्या असणार."

"म्हटलंच मी," त्याची आई म्हणाली. "त्यातल्या एकीची तब्येत बरी दिसत नाही, असंही म्हटलं."

"कावीळ नाही हो ती," अण्णा कळवळून म्हणाले, "नाक दाबलं गेलं."

आणि नेमक्या त्या क्षणी वैजू पोह्यांचा ट्रे घेऊन दारात आली.

मी तिच्याकडे बघितलं नाही. मी बघितलं निरंजनच्या चेहऱ्याकडे. जे येतं म्हणून ती म्हणायची ते येतंय का, एवढंच मला बघायचं होतं. त्याने वैजूकडे बघितलं. मग टीपॉयकडे. मग परत वैजूकडे. आणि अनोळखी गावात हिंडून हिंडून एकदाचं घर सापडलेला माणूस पाटीकडे बघून हसतो, तसा तो हसला.

वैजूने मात्र त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. तिची नजर तीन कागदांवर खिळली होती. तिने ट्रे खाली ठेवला, पदर खोचला आणि सरळ विचारलं,

"मग? यातली कुठली बघायला आलात?"

"वैजू!" माई म्हणाल्या.

"विचारू द्या की," निरंजनची आई म्हणाली. "आम्ही तरी तेच विचारायला आलोय."

निरंजनने मधल्या कागदावर बोट ठेवलं, त्या गुलाबी ठशाशेजारी. "ही. बाकीच्या दोघींना कुणी हात लावलेला दिसत नाही. हिला लावलाय, तोही एखाद्या पोराने. म्हटलं, ही नक्की घरात राहत असणार."

वैजूने पहिल्यांदा वर बघितलं. बघत राहिली. मग पोह्यांची बशी त्याच्यासमोर धरली.

"आणि ती आमटी? खरी की छपाईची चूक?"

"आमटी खरी आहे," तो म्हणाला. "पोळ्या जमत नाहीत. खोटं नको."

निरंजनची आई अशी हसायला लागली की तिच्या बशीतलं खोबरं सतरंजीवर सांडलं. अण्णा हसले. मला तर हसू आणि रडू यांतलं नक्की कुठलं येतंय तेच कळेना, म्हणून मी चहा आणायचं निमित्त करून उठले.

दारातून वळून बघितलं तर माई टीपॉयवर वाकल्या होत्या. त्यांनी पहिला कागद उचलला, तो दुधाळ. त्या त्याच्याकडे बराच वेळ बघत होत्या. आठवडाभर तो कागद त्यांनी मनात किती जपला असेल, ते मला माहीत होतं. मग त्यांनी मान वर करून समोर बघितलं. वैजू पोह्यांवर लिंबू पिळत होती आणि काहीतरी बोलून हसत होती, सगळे दात दाखवून.

"ही आमची नाही हो," माई विहीणबाईंना म्हणाल्या. विहीणबाई व्हायला अजून अवकाश होता, पण माईंच्या आवाजात ते कधीच ठरून गेलं होतं. "चुकून आली पाकिटात." आणि तो कागद त्यांनी टीपॉयखाली सारून दिला.

जुई तिथेच खाली बाहुली घेऊन बसली होती. बाहुलीच्या गुडघ्यावर अजून ती पट्टी होती. तिने सरपटत जाऊन कागद ओढून घेतला, मांडीवर ठेवून तळव्याने सरळ केला आणि कागदावरच्या त्या गोऱ्यापान मुलीला निरखून पाहिलं. मग कागद छातीशी धरून ती माझ्यापाशी आली आणि साडीचा काठ ओढत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आई, मग हिला बघायला कोण येणार?"